डोक्यातला मांडव

आई हसली तेव्हा तिच्या ओठांचा डावा कोपरा आधी वर गेला आणि उजवा त्याच्यामागून, दाराशी थबकलेल्या पाहुण्यासारखा, जरा उशिराने. जरा म्हणजे अगदीच जरा. डोळ्याचं पातं लवून पुन्हा उघडावं तेवढ्याच उशिराने. समोर दुसरं कोणी असतं तर त्याला आई नेहमीसारखीच हसली असं वाटलं असतं, आणि हसण्यासारखं झालंही होतं. खिडकीत ठेवलेल्या बशीतली खारी कावळ्याने उचलली होती आणि जिज्ञासाचा धाकटा भाऊ धर्मेश त्याच्याकडे बघत म्हणत होता, "घे भाई, घे, तूच राहिला होतास हप्ता घ्यायचा." जिज्ञासाची नजर मात्र त्या कोपऱ्यावरच अडकली. "आई," ती म्हणाली, "कपाळाला आठ्या घाल बघू. ऊन डोळ्यावर आल्यासारखं कर." आईने आठ्या घातल्या. दोन्ही भुवयांवर सारख्या, शेतातल्या सऱ्यांसारख्या सरळ. म्हणजे चेहऱ्याची नस शाबूत आहे, जिज्ञासाच्या मनाने तिथल्या तिथे मांडणी केली. नसच गेली असती तर एका बाजूचं कपाळही गुळगुळीत पडलं असतं. कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतात, ओठांच्या कोपऱ्याला फक्त पलीकडच्या बाजूकडून. उजवा ओठ मागे राहतो म्हणजे बिघाड डावीकडे, आणि वर, मोठ्या मेंदूच्या त्या उभ्या पट्ट्यात, जिथे ओठ, जीभ आणि घसा यांच्या जागा एकाखाली एक आहेत. आईच्या मेंदूतली गाठ मागे पसरली होती. बोलण्याच्या जागेवरून हलण्याच्या जागेवर, फार तर बोटाच्या एका पेराइतकी. आणि हे कळल्याक्षणी तिच्या छातीत जे उसळलं ती भीती नव्हती. भीती आली, पण मागाहून, त्या ओठाच्या कोपऱ्यासारखीच. आधी जे आलं ते गणित सुटल्यावर येतं ते होतं, गार आणि लखलखीत. जिज्ञासाने चहाचा कप खाली ठेवला आणि स्वतःच्याच गुडघ्यावर हात दाबून धरला.

गेल्या दिवाळीच्या सुमाराला पहिल्यांदा आईचा शब्द हरवला होता, आणि हरवला तोही 'मीठ'. आमटी ढवळता ढवळता ती म्हणाली, "ते दे गो… ते… पांढरा…" आणि हात हवेत फिरवत राहिली. जिज्ञासाने साखर दिली, मग रवा दिला, धर्मेशने मुद्दाम पावडरचा डबा आणून ठेवला, तेव्हा सगळेच हसले. आईसुद्धा. आईच्या माहेरच्या तीन पिढ्या मिठागरात राबलेल्या. तिची आई डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहायची, म्हातारपणी तिची मान दोन खांद्यांच्या मध्ये रुतून बसली होती. त्या घरच्या बाईच्या तोंडून मीठच गेलं होतं. मग एकेक गेलं. झारा, उंबरा, परवा, आणि एका सकाळी धर्मेशचं नाव. वाक्यं तुटत तुटत शेवटी एकट्यादुकट्या शब्दांवर आली, आणि आई, जिच्या तोंडाला बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात कोणी लागत नसे, ती मान हलवून कामं भागवायला लागली. एमआरआयच्या काळ्या फिल्मवर जिज्ञासाने ती गाठ डॉक्टरांच्या आधी पाहिली. डाव्या कपाळामागे, खालच्या अंगाला, आवळ्याएवढी. जिथे असेल असं ती दोन आठवडे मनात म्हणत होती, तिथेच.

फिल्म बघितली त्या संध्याकाळी धर्मेश जे बोलला होता ते ती स्कूटी काढताना, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली अडकवताना, रोज आठवायची. डॉक्टर पुष्कर मोघ्यांनी समजावलं होतं की हे ऑपरेशन पेशंट जागा असताना करतात. डोकं उघडताना झोप देतात, मग उठवतात, आणि पेशंटला बोलतं ठेवून मेंदूच्या पृष्ठभागावर हलका करंट लावून बघतात. बोलणं अडखळलं की ती जागा सोडायची. घरी आल्यावर धर्मेश जिन्यातच ओरडला होता, "जागी ठेवून? आपण काय टीव्ही रिपेअर करतोय काय, चालू ठेवून बघायला?" तिने सांगितलं की मेंदूला स्वतःला दुखत नाही, सगळ्या अंगाचं दुखणं ज्याच्यापर्यंत जातं त्याला मात्र टोचलेलंही कळत नाही. हे सांगताना तिचा आवाज वर चढला असावा, डोळे मोठे झाले असावेत, वर्गात शिकवताना होतात तसे. धर्मेश तिच्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "ताई, तुला इंटरेस्ट आहे. तुला बघायचंय आत काय आहे ते." तो रागाने बोलला असता तर बरं झालं असतं. तो नुसता बघून बोलला होता, आणि त्याचं बघणं चुकलं नव्हतं. तेव्हापासून जिज्ञासा त्या विषयावर गप्प झाली होती. मोघ्यांचा फोन आला की "घरात बोलतो आहोत" एवढंच सांगायची. घरात कोणी बोलत नव्हतं. एकीला बोलता येत नव्हतं, एकाला बोलायचं नव्हतं, आणि एकीला आपल्या बोलण्याचाच भरवसा वाटेनासा झाला होता. हे मी आईसाठी म्हणतेय, की माझ्यासाठी?

बदलापूर मागे पडून अंबरनाथच्या कारखान्यांचा वास सुरू झाला. सिग्नलला थांबल्यावर तिने डोकं डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं. हेल्मेट बाहेरून कडक, आत फोम, त्याच्या आत मऊ अस्तर. कवटी, आवरणं, आणि आत पाण्यात तरंगणारं दीड किलोपेक्षा कमी वजनाचं, मऊ दह्याच्या कवडीसारखं काहीतरी, जे आत्ता सिग्नल हिरवा झाल्याचं तिला सांगत होतं. डाव्या बाजूने उजव्या हाताला हुकूम सोडला; तो खाली उतरला, मानेच्या जरा वर, लंबमज्जेत, पलीकडे गेला, मेरुरज्जूतून उतरून मानेच्या मणक्यांमधून बाहेर पडला, आणि तिची मूठ वळली, आणि स्कूटी सुटली. पंधरा वर्षं हा रस्ता ती फळ्यावर काढत होती आणि अजूनही, एखाद्या सकाळी, तो आपल्या आत खरोखर चालू आहे या नुसत्या कल्पनेने तिला हसू फुटायचं. लहानपणी जत्रेत बाबांनी, आता नसलेल्या जनू पाटलांनी, बकऱ्याचा कणा मधोमध उभा फोडून आतली पांढरी दोरी काढून तिच्या तळहातावर ठेवली होती. गरम होती. "ही तार हाय गो पोरी. डोसक्यातला हुकूम हिच्यातशी पायात जातं." आई अंगावर धावून आली होती, "पोरीच्या हातान कशाला देतंस? अभ्यास करंल का रातभर दचकंल?" आणि मग तिनेच संध्याकाळी तव्यावर परतलेला भेजा तिच्या ताटात सगळ्यांच्या आधी वाढला होता. अंगाला तेल लावताना आई तिच्या पाठीवरून अंगठा खाली ओढत न्यायची, मणक्यामणक्यावर थांबत, माळ ओढल्यासारखी. त्या अंगठ्याखाली, हाडाच्या त्या माळेच्या आत, ती दोरी आपल्याही पाठीत आहे, हे त्या रात्री जिज्ञासाला कळलं. ती दचकली नव्हती. झोपली मात्र नव्हती.

आणि तरीही, सगळं माहीत असूनही, जानेवारीतली ती हळद तिच्यासाठी विजेसारखी होती. अंबरनाथला मामाच्या नातीचं लग्न. आई धवलारीण, आगऱ्यांच्या घरी लग्नाच्या एकेका विधीला जी बाई धवला गाऊन देवांना बोलावते, ती. भटजी चुकला तर चालेल, धवलारीण चुकून चालत नाही, असं तिची विठाआत्या म्हणायची आणि तिच्याकडूनच आई शिकली. या वेळी सगळ्यांनी ठरवलं होतं की आईला, सगुणाबाईंना, नुसतं पाटावर मानाने बसवायचं आणि गाणं दुसरीने म्हणायचं. आईने मांडवात पाऊल टाकलं, वर आंब्याच्या डहाळ्यांकडे बघितलं, पदर खांद्यावरून घेतला, आणि गायला लागली. जिला पाणी मागता येत नव्हतं ती गात होती. गणपतीला बोलावलं, गावदेवीला बोलावलं, समुद्राला बोलावलं, आणि मग हळदीच्या वाटीची ओळ आली, आणि तिच्यात स्वच्छ, ठणठणीत, अडखळल्याशिवाय 'मीठ' आलं, कारण त्या ओळीत नवरीवरून मीठ उतरवून टाकायचं असतं. बायका रडायला लागल्या. मामी म्हणाली, "बरी झाली! देवानं वाचा दिली!" जिज्ञासा खांबाला धरून उभी होती. वाचा नाही, वाचा नाही, ती मनात म्हणत होती, बोलणं डावीकडे असतं, पण सूर पुष्कळसा उजवीकडे. आणि सुरात ओवलेला शब्द सुराच्या दोरीला धरून बाहेर येतो, दुसऱ्या दाराने येतो! पुस्तकात वाचलेलं होतं. पुस्तकात ते चार ओळींत होतं. इथे ते मांडवात उभं राहून टाळ्या देत होतं. त्या क्षणी ती इतकी आनंदात होती की कोणीतरी मागून म्हणालेलं तिला लागलंच नाही: "सगल्यांच्या पोरींना गायली. आपल्याच पोरीचा मांडव तेवढा रायला बिचारीचा." लागलं ते परत येताना, रिक्षात, आई खांद्यावर डोकं टाकून झोपली तेव्हा. जिज्ञासा एकोणचाळीसची होती. लग्न करायचं नाही असं तिने कधी ठरवलं नव्हतं. करायचं असं ठरवण्याइतकी तातडी कधी वाटली नव्हती, एवढंच. आईने एकदाच विचारलं होतं, मग कधी नाही. फक्त एकदा डाळ निवडताना आपल्याशीच म्हणाली होती, "तुझी एक ओल हाय माज्याकडं. तिला मांडव पायजे." कसली ओळ, विचारल्यावर सुपातले खडे वेचत राहिली होती.

हळदीचं ते सगळं जिज्ञासाने मोघ्यांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकून बसले. "म्हणजे त्या गातात? शब्दांसकट? मग माझं काम निम्म्याने सोपं झालं. चित्रं दाखवून नावं विचारायची तर त्यांना आत्ताच जमत नाही, मला कळणार कसं की मी कुठे थांबायचं? त्या गात राहिल्या आणि मी हात लावल्यावर शब्द गळला, की मला कळेल. पण ओळ बरोबर की चूक हे मला कोण सांगणार? तुम्ही समोर बसायचं. आम्ही वरून कापड बांधतो, त्या कापडाखाली त्यांचा चेहरा आणि तुम्ही." मग आईकडे वळून ते मोठ्याने, हळूहळू, बहिऱ्याशी बोलावं तसं म्हणाले, "सगुणाबाई, एक ओळ म्हणून दाखवता?" आईने ओठ मिटले. दोन्ही कोपरे तेव्हा सारखे मिटले होते. मोघ्यांनी पुन्हा विचारलं, तिने मान हलवली, आणि कॅलेंडर बघत बसली. जिज्ञासाला कारण ठाऊक होतं. कितीतरी वर्षांपूर्वी कॅमेरा घेऊन दोन पोरं गाणी रेकॉर्ड करायला आली होती, तेव्हा आई ओट्यावर बसून त्यांना म्हणाली होती, "मांडव कुठं हाय? देवाला उघड्यावर बोलवला आनी तो आला, तं बसल कुठं? तुमच्या बॅगेवर?" हा तिचा नियम होता, आत्याकडून घेतलेला, आणि तिने तो ना पोरांसाठी मोडला ना पुढाऱ्याच्या वाढदिवसासाठी. घरीसुद्धा नाही. या महिनाभरात जिज्ञासाने कुठेकुठे वाचून आईला डाव्या हाताने ताल धरायला लावलं होतं, म्हणजे उजवी बाजू जागी होईल, आणि म्हणाली होती, "आता धवल्याच्या चालीवर म्हण, चहा दे गो, चहा दे." आईने तिच्याकडे असं बघितलं होतं की जणू देवळात चपला घालून आली. मोघे शेवटी म्हणाले होते, "गाण्याशिवाय मी त्या जागेच्या इतक्या जवळ जाणार नाही, स्पष्ट सांगतो. आणि पेशंटने स्वतः हो म्हटलं पाहिजे. तुम्ही नाही, त्यांनी. मान हलवून नाही चालणार मला, हवं तर एकच शब्द, पण त्यांचा." आणि दारापर्यंत सोडताना, "फार वेळ नाहीये हं."

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये, जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर तिचं नर्सिंग कॉलेज होतं. खालून शिलाई मशीनची घरघर चोवीस तास वर्गाच्या फरशीतून पायात चढायची. त्या दिवशी मेंदूची आवरणं होती. वर्ग भरलेला, पंखे फिरत होते, आणि जिज्ञासा अशा वेगाने शिकवत होती की पहिल्या बाकावरची तेजल लिहायचं सोडून नुसती बघत बसली होती. "तीन आवरणं. सगळ्यात बाहेरचं जाड, कातड्यासारखं, दृढतानिका. मधलं कोळ्याच्या जाळ्यासारखं. आणि आतलं इतकं तलम की मेंदूच्या प्रत्येक घडीत उतरून चिकटून बसतं, मृदुतानिका. लॅटिनमध्ये बाहेरचीला म्हणतात कठोर आई. आतलीला, मायाळू आई." वर्गात खसखस पिकली. तेजल म्हणाली, "मॅडम, मेंदूला दोन-दोन आया? माझ्याकडे तर एकच आहे, वो भी बाहरवाली." सगळ्या हसल्या, जिज्ञासाही हसली. "बरं, आता ही जी कठोर आई आहे ना, ती नुसती बाहेर पहारा देत नाही. ती आत एक घडी घालते. मोठ्या मेंदूचा मागचा भाग आणि त्याच्या खालचा लहान मेंदू यांच्या मध्ये ती आडवी पसरते, दोन्ही बाजूंना उतरती, मध्ये उचललेली. वरचं वजन खालच्यावर पडू नये म्हणून. हिला म्हणायचं टेंटोरियम." ती फळ्यावर काढत होती, उतरती रेघ डावीकडे, उतरती रेघ उजवीकडे. "टेंटोरियम म्हणजे टेंट का मॅडम?" "तंबू, हो." "अरे, मग मंडप बोला ना! शादीवाला मंडप. बघा, तसाच दिसतोय, बीच में ऊंचा, साइड से नीचे." "मांडव," जिज्ञासा म्हणाली, दुरुस्ती करावी तशी, सवयीने.

आणि तिचा खडू थांबला. फळ्यावर तो होता. पंधरा वर्षं ती तो काढत आली होती, त्याच्या कडा, त्याच्यातून वाहणाऱ्या रक्ताच्या वाटा, पुढची खाच जिच्यातून मेंदूचा देठ खाली उतरतो आणि पुढे मेरुरज्जू होतो, सगळं तोंडपाठ. आणि इतक्या वर्षांत तिने त्याला एकदाही त्याच्या नावाने हाक मारली नव्हती, कारण शब्द लॅटिनमध्ये होता आणि लॅटिनमध्ये कोणाचं लग्न नव्हतं. मांडव. प्रत्येकाच्या डोक्यात. आईच्या डोक्यात, गाठीपासून चार बोटं मागे आणि खाली, जन्माच्या आधीपासून घातलेला, कठोर आईने स्वतःच्या अंगाची घडी घालून घातलेला मांडव. उघड्यावर कुठे होती आई कधी? तिच्या मानेवर काटा आला आणि काटा पाठीतून खाली सरकला, मणक्यामणक्यावरून. "मॅडम, काय झालं?" तेजलने विचारलं. "काही नाही," जिज्ञासा म्हणाली, "तू फार हुशार आहेस." तेजल मागे वळून बघायला लागली की हे कोणाला म्हणाल्या. हे खरं आहे का? जिज्ञासाने स्वतःला विचारलं. की मी आईला फसवायला एक शब्द शोधलाय? ती हे असं उलटसुलट तपासत होती, आणि प्रत्येक वेळी उत्तर तेच येत होतं: शब्द माझा नाही. शेकडो वर्षांपूर्वी कोणीतरी, परक्या गावात, मेलेल्या माणसाचं डोकं उघडून आत बघितलं, आणि त्याला जे दिसलं ते त्याने सांगितलं. त्यालाही बघायचंच होतं आत काय आहे ते. बघायचं होतं म्हणूनच तर दिसलं.

गल्लीच्या तोंडाशी कापडाचं दुकान होतं. सिंधी शेटजी गल्ल्यामागे बसून दाल-पकवान खात होते. "साईं, लाल कपडा दिखाओ. मंडपवाला, पतला." त्यांनी बोटं पुसली, उत्साहाने तीन ताके उलगडले. "शादी है घर में? मुबारक. कितना दूँ, बीस मीटर? पच्चीस?" जिज्ञासाने दोन्ही तळहात शेजारी शेजारी धरून दाखवले. "इतना." शेटजी तिच्या हातांकडे बघत राहिले. "बाई, इसमें तो दूल्हे की नाक भी नहीं ढकेगी. गुड़िया का ब्याह है क्या?" "नहीं, मेरी माँ का…" तिला पुढचं वाक्य हिंदीत सापडेना, मराठीतही सापडलं नसतं, आणि तिला हसू यायला लागलं, थांबेना. शेटजीही हसले, कारण कळलं नाही तरी गिऱ्हाईक हसतंय हे कळत होतं. त्यांनी टोपलीतली एक कतरण काढून तिच्या हातावर ठेवली, काठाला जरीची एक रेघ असलेली. "ले जाओ. माँ को बोलना, साईं की तरफ से."

ती दुपारीच घरी पोचली तेव्हा धर्मेश ओट्यावर फोनवर रेतीच्या गाडीबद्दल कोणाला तरी झापत होता. तिला बघून त्याने फोन ठेवला. "आज लवकर? काय झालं?" "आईचा ओठ बघितलास सकाळी?" "कुठला ओठ?" "उजवा. मागे राहतोय. गाठ वाढतेय धर्मेश." त्याचा चेहरा उतरला. तो खूप मोठा दिसायचा, दंडावर वाघ गोंदवलेला, पण आत्ता तो दचकलेल्या पोरासारखा दिसला. "मग तू म्हणशील आता. उघडायचं." "मी नाही म्हणणार," ती म्हणाली. "आणि तू म्हणालास ते खरं होतं. मला बघायचंय. मला लहानपणापासून बघायचंय. ते काही जाणार नाही. चल आत." तो मागोमाग आला, आणि स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. आई जमिनीवर बसून वाल सोलत होती. उजवा हात सालात अडखळत होता, डावा सराईत चालला होता. जिज्ञासा तिच्यासमोर मांडी घालून बसली, सूप बाजूला सरकवलं. "आई, दोन्ही मुठी वळ. अशा, शेजारी शेजारी लाव. हा तुझा मोठा मेंदू. हा डावा, हा उजवा." आईने भुवया उंचावल्या, पण मुठी वळल्या. उजवी जरा सैल. "इथे, डाव्या मुठीत, पुढच्या बाजूला, ती गाठ आहे. मीठ तिथे अडकलंय. आणि उजव्या मुठीत तुझे सगळे धवले आहेत." आईने आपल्या उजव्या मुठीकडे बघितलं, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे, आणि ती सैल मूठ तिने ओढून घट्ट केली. "आता ही माझी मूठ." जिज्ञासाने आपली मूठ त्या दोन मुठींच्या खाली, मागच्या अंगाला नेली. "हा लहान मेंदू. आणि हा माझा हात कोपरापर्यंत खाली जातो ना, तशी ती दोरी. बाबांनी दिली होती ना हातात, ती." आईचे डोळे हलले. "जन…" ती म्हणाली, "जनू…" "हो. आता बघ. वरच्याचं ओझं खालच्यावर पडू नये म्हणून मध्ये काय असतं सांगू?" तिने मोकळ्या हाताने पर्समधून ती कतरण काढली आणि आईच्या मुठी आणि आपली मूठ यांच्या मध्ये पसरली. दोन्ही बाजूंना उतरती, मध्ये उचललेली. जरीची रेघ काठावर आली. "हे असतं. खरं असतं, सगळ्यांच्या डोक्यात. याचं नाव मी ठेवलेलं नाही. डॉक्टर लोकांनी फार जुन्या काळी ठेवलंय. सांग काय ते."

आई बघत होती. तिचे ओठ हलले, डावा कोपरा आधी. "मां…" मग काही नाही. मग तिने पुन्हा प्रयत्न केला, आणि तो शब्द, जो तिने आयुष्यभर गायला, घशाशी येऊन परत गेला, आणि तिच्या डोळ्यांत रागाने पाणी आलं. धर्मेश पुटपुटला, "ताई, नको ना छळू तिला." जिज्ञासाने त्याच्याकडे बघितलं नाही. "आई, त्या दिवशी डॉक्टर म्हणाले ते वरून कापड बांधतात. त्याखाली तू असशील, आणि तुझ्यासमोर मी. तुला उघड्यावर कोणी गायला लावत नाहीये. आत एक, वर एक. दोन्हींच्या मध्ये तू." ती थांबली. इतक्या महिन्यांत प्रथमच तिला पुढे काय म्हणायचं ते माहीत नव्हतं, आणि माहीत नसण्याचं तिला काही वाटलं नाही. "आणि मी," ती म्हणाली.

आईने डावी मूठ उघडली. लाल कतरण एका बाजूने घसरली, जिज्ञासाच्या मनगटावर पडली. आईचा तो मोकळा हात जमिनीवर आला आणि फरशीवर हळूच पडू लागला, थांबून थांबून, मग थांबल्याशिवाय. उजवी बाजू, जिज्ञासाचं मन म्हणालं, आणि मग तेही गप्प झालं. आईने वर बघितलं, जिथे काळवंडलेलं छत होतं आणि पंखा, आणि एक सूर धरला, बारीक, कडेला फाटलेला. त्या सुरात आधी शब्द नव्हते. मग आले, तिने कधी कोणासमोर न म्हटलेल्या ओळीसारखे, चाल जुनी आणि नाव नवं:

"माजी जिन्यासा बाय गो… घाल मांडव…"

धर्मेश चौकटीला टेकूनच खाली बसला. आईने ओळ पुन्हा घेतली, या वेळी मोठ्याने, आणि 'बाय'वर आवाज कापला तरी पुढचे दोन शब्द कापले नाहीत. मग तिचा हात फरशीवर थांबला. सूरही थांबला. तिने जिज्ञासाकडे सरळ बघितलं, ओठांचा एक कोपरा जरा पुढे, एक जरा मागे, आणि चालीशिवाय, गाण्याशिवाय, मीठ मागावं तशा साध्या आवाजात म्हणाली,

"घाल मांडव."